वस्तादाला वही दाखवा: सांगली भागातल्या नव्या बांधकाम ठेकेदारांसाठी

आमच्याकडे तालमीत नवं पोरगं आलं की पहिला प्रश्न असतो, "वस्ताद कोण तुझा?" बांधकामाच्या धंद्यात मात्र हे कुणी विचारत नाही. पोरगं डिप्लोमा करतं, किंवा चार-पाच वर्षं कुणाच्या तरी साईटवर सुपरवायझर म्हणून काढतं. मग चुलत्याचं घर अंगावर घेतं, त्यानंतर चुलत्याच्या मेव्हण्याचं. दोन घरं नीट उतरतात. तिसऱ्या वर्षी एकदम चार कामं हातात येतात आणि तिथून घसरण लागते. लोखंडवाल्याची उधारी, मजुरांच्या उचली, घरमालकांचे फोन. पोरगं कष्टाळू असतं, कामही चांगलं असतं, पण पैसा कुठं जातो ते त्याला कळत नाही.

मी याच वाटेनं गेलो. मला सावरलं ते मिरजेच्या एका जुन्या ठेकेदारांनी. मी त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी मला काम दिलं नाही, पैसे दिले नाहीत. पहिल्या भेटीत चहा सांगितला आणि विचारलं, "वही कुठाय?" माझ्याकडे वही नव्हती. खिशात चिठ्ठ्या होत्या आणि मोबाईलमध्ये बिलांचे फोटो. तात्या म्हणाले, "मग काय बोलायचं आपण? आधी वही घिऊन ये."

वर्षाला एक-दोन घरं करणाऱ्या आणि पुढं जाऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. वस्ताद कसा शोधायचा, त्याला काय विचारायचं आणि धंदा कोणत्या क्रमानं वाढवायचा, एवढंच यात आहे.

पहिली पायरी: झालेल्या तीन कामांचा हिशेब मांडा

वस्तादाकडे जायच्या आधी हे घरी बसून करायचं आहे. शेवटची तीन कामं घ्या. प्रत्येकाला वहीची दोन पानं द्या. एका पानावर मालकाकडून कधी किती पैसे आले ते तारखेसह. दुसऱ्या पानावर काय गेलं: सिमेंट, सळई, वाळू, खडी, विटा, गवंडी, बिगारी, सेंट्रिंग, फिटर, वाहतूक, पेट्रोल, तुटलेल्या फरश्या, दुसऱ्यांदा करावा लागलेला गिलावा. आठवत नसेल तिथं दुकानदाराकडून खातं उतरवून घ्या. लोखंडाचा आणि सिमेंटचा दुकानदार हे आनंदानं देतो, कारण हिशेब ठेवणारं गिऱ्हाईक त्यालाही हवंच असतं.

आणखी दोन गोष्टी लिहा. काम किती महिन्यांत होणार असं सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात किती लागले. शेवटी स्वतःचा पगार. नवा ठेकेदार स्वतःचा पगार कधीच धरत नाही. जे उरलं ते आपलं, असं समजतो. तुम्ही दुसऱ्याच्या साईटवर सुपरवायझर असता तर जे मिळालं असतं, तेवढं तरी खर्चात धरा.

माझ्या तीन कामांत एकात नफा होता, एकात फक्त माझी मजुरी सुटली होती आणि तिसऱ्यात मी पदरचे घातले होते. सगळ्यात मोठं काम तिसरं होतं. ते होईपर्यंत मी त्याचंच कौतुक सगळ्यांना सांगत फिरत होतो.

दुसरी पायरी: वस्ताद ओळखायचा कसा

मोठी गाडी आणि मोठा फलक यावरून ओळखू नका. चार ठिकाणी चौकशी करा.

सिमेंटच्या डेपोत किंवा लोखंडाच्या दुकानात विचारा की कोणाचे पैसे वेळेवर येतात. गवंड्यांना विचारा की कोणाकडे मजूर दहा-दहा वर्षं टिकतात. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा की साईटवर तुम्ही नसतानाही नकाशाप्रमाणे सळई कोण बांधतं. आणि पाच-सात वर्षांपूर्वी घर बांधलेल्या एखाद्या मालकाला विचारा की गळती लागल्यावर ठेकेदारानं फोन उचलला का. चारही ठिकाणी एकच नाव निघालं, तर तो तुमचा माणूस.

एक खबरदारी. तो तुमच्याच पट्ट्यात काम करणारा नसावा. तासगावात काम करणाऱ्यानं सांगली-मिरजेचा वस्ताद धरावा, विट्याच्या माणसानं पलूस किंवा ईश्वरपूरकडचा (म्हणजे आधीच्या इस्लामपूरकडचा). तुमचे दर त्याला दाखवायचे आहेत आणि त्याचे दर ऐकायचे आहेत. दोघं एकाच घरमालकाच्या दारात उभे राहणार असाल तर ते जमणार नाही.

शिवाय सगळं एकाच माणसाकडून मिळेल ही अपेक्षा सोडा. मला तिघे लागले. कामाचं आणि माणसांचं तात्यांनी शिकवलं. मोजमापाचं आणि सरकारी कागदांचं एका निवृत्त उपअभियंत्यांनी. पैशाचं आमच्या सीएंनी. सीएला फी देतोच आपण, पण वर्षातून एकदा रिटर्न भरायला धावतपळत जाण्याऐवजी तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास मागून घ्या. त्या अर्ध्या तासाची वेगळी फी द्यावी लागली तरी द्या.

सांगली-मिरज परिसरात क्रेडाईसारख्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना आहेत, त्यांच्या कार्यक्रमांना जात जा. पण खरी ओळख साईटवर होते, हा माझा अनुभव आहे.

तिसरी पायरी: त्यांच्याकडे जायचं कसं

सकाळी सातला साईटवर जा. नऊनंतर त्यांचा फोन वाजू लागतो. पहिल्याच भेटीत "मला मार्गदर्शन करा" असं म्हणू नका, त्यावर माणूस काय उत्तर देणार? एक नेमका प्रश्न घेऊन जा. "तात्या, माझ्या गिलाव्याला भेगा पडतायत, वाळू क्रश सँड (दगड फोडून केलेली) आहे, काय चुकतंय?" असं विचारलं की जुना माणूस लगेच बोलायला लागतो.

त्यांच्या स्लॅबच्या दिवशी मदतीला जा. स्लॅबचा दिवस म्हणजे पूर्ण परीक्षा असते. मिक्सर वेळेवर येतो का, पाणी मोजून पडतं का, व्हायब्रेटर बंद पडला तर दुसरा तयार आहे का, पाऊस आला तर झाकायला ताडपत्री आहे का. अशा दोन स्लॅबला पहाटेपासून रात्रीपर्यंत उभं राहून मी जेवढं शिकलो तेवढं डिप्लोमाच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो.

काही पथ्यं आहेत. वस्तादाकडे उसने पैसे मागायचे नाहीत. त्यांचा गवंडी फोडायचा नाही, तो स्वतःहून आला तरी आधी त्यांना विचारायचं. त्यांच्या घरमालकाला आपला नंबर द्यायचा नाही. आणि त्यांनी सांगितलेलं केलंत की काय झालं ते परत जाऊन सांगायचं, बरं झालं तरी आणि बिघडलं तरी. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, आणि मग वस्तादाचाही उत्साह संपतो.

चौथी पायरी: महिन्यातून एक बैठक

ओळख जमली की दिवस ठरवून घ्या. आमचा महिन्याचा पहिला रविवार होता. तासाभराची बैठक, आणि वहीत पाच गोष्टी लिहिलेल्या असायच्या: चालू कामं कुठपर्यंत आलीत, कोणाकडून किती येणं आहे, कोणाचं किती देणं आहे, मजुरांवर किती उचल बाकी आहे, आणि पुढचं कोणतं काम घ्यायचा विचार आहे.

पाचव्या मुद्द्यावरच निम्मा वेळ जायचा. मी उत्साहानं नवं काम सांगायचो आणि तात्या विचारायचे, "मालक पैसा कुठनं आणणार? कर्ज मंजूर झालंय का व्हायचंय? जागा कुणाच्या नावावर? भावाभावांत वाटणी झालीय का?" पहिल्या वर्षात त्यांनी मला तीन कामं सोडायला लावली. त्यातल्या एका कामात पुढं वाटणीचा वाद निघाला आणि बांधकाम जोत्यावर येऊन थांबलं. ज्यानं ते घेतलं होतं त्याची सेंट्रिंगची फळी दीड वर्ष तिथंच पडून होती.

पाचवी पायरी: काम घेण्याआधी जमीन वाचा

कृष्णाकाठची काळी माती पिकाला सोनं आहे, पण पायाला वैरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हातभर भेगा पडतात. पाया त्या मातीत ठेवला तर भिंतीही तशाच फाटतात. म्हणून दर सांगण्याआधी जागेवर खड्डा घ्या आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. चार फुटांचा पाया धरून दर दिला आणि मुरूम नऊ फुटांवर लागला, तर जोत्यापर्यंतच नफा संपतो. करारात "पाया अमुक फुटांपर्यंत, त्याखाली जादा दर" हे वाक्य असलंच पाहिजे. भराव मुरमाचा घाला, खोदलेली काळी माती परत जोत्यात ढकलू नका. माती खूप खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल त्याप्रमाणे पाइल, म्हणजे खोल भोकात ओतलेले काँक्रीटचे खांब, घ्यायची. त्यात आपलं डोकं चालवायचं नाही.

दुसरी गोष्ट पुराची. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांवर इशारा पातळी आणि 45 फुटांवर धोका पातळी आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं होतं. त्या वेळी सांगलीवाडीत माझं एक काम चालू होतं. मी 80 पोती सिमेंट तळमजल्याच्या खोलीत रचून ठेवलं होतं, वर प्लास्टिक टाकलं होतं आणि निवांत होतो. पाणी ओसरल्यावर तिथं दगड होते. विमा नव्हता. चूक पूर्ण माझी. भर पावसाळ्यात नदीकाठी आठवड्यापुरता माल ठेवायचा असतो, आणि चालू बांधकामाचा विमा मिळतो हे मला माहीतच नव्हतं. आता मोठ्या कामाच्या अंदाजपत्रकात मी विम्याची ओळ पहिल्यांदा लिहितो.

नदीजवळचं काम असेल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या घराला परवानगी मिळत नाही, आणि दोन्हींच्या मध्ये अटी आहेत. परवानगी नसलेलं काम "आपलं तोंडी ठरलंय" म्हणून घेऊ नका.

सहावी पायरी: दर काढायला शिका

वस्तादाकडून शिकायची सगळ्यात मोलाची गोष्ट ही. आपल्याकडे नवा ठेकेदार दर काढत नाही, ऐकतो. शेजारचा अमुक रुपये चौरस फुटानं करतोय म्हणून हा 50 रुपये कमी सांगतो. शेजारच्याचं कपाट, फरशी, टाकी, कंपाउंड त्यात आहे की नाही हेही विचारत नाही.

आधी माल काढा. उदाहरणादाखल 1,000 चौरस फुटांचा 5 इंची स्लॅब घ्या. काँक्रीट होतं साधारण 417 घनफूट, म्हणजे 4 ब्रासच्या थोडं वर. 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) या मिश्रणाला त्यात सुमारे 95 पोती सिमेंट, पावणेदोन ब्रास वाळू आणि साडेतीन ब्रास खडी लागते. बीम वेगळे. हा हिशेब एकदा हातानं केला की सुपरवायझर 120 पोती म्हणाला तर तुम्हाला लगेच खटकतं.

सळईचं वजन काढायचं सूत्र पाठ करा: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. 12 मिलिमीटरची सळई मीटरला 0.89 किलो, 12 मीटरचा पूर्ण बार पावणेअकरा किलोच्या आसपास. 8 मिलिमीटरचा बार पावणेपाच किलो. गाडी आली की बार मोजा, सूत्रानं वजन काढा आणि काट्याच्या पावतीशी ताडून बघा. थोडा फरक चालतो, मोठा चालत नाही.

आता वेळ. खरी गफलत इथं होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हिशेब समजावा म्हणून आकडे धरतोय, आजचा बाजारभाव म्हणून घेऊ नका. समजा 1,000 चौरस फुटांचं घर मटेरियलसह 1,900 रुपयांनी घेतलं. एकूण 19 लाख. माल आणि मजुरी मिळून 17 लाख 10 हजार. वर 1 लाख 90 हजार दिसतात, म्हणजे दहा टक्के. पण तुमचा स्वतःचा पगार, सुपरवायझर, पेट्रोल, फोन, गोडाऊनचं भाडं असं महिन्याला 25 हजार तरी जातातच. काम सहा महिन्यांत संपलं तर दीड लाख जाऊन 40 हजार उरले. तेच काम नऊ महिने लांबलं तर सव्वादोन लाख गेले, आणि तुम्ही 35 हजारांनी तोट्यात. मालाचा दर वाढला नाही, मजुरी वाढली नाही, चोरी झाली नाही. फक्त तीन महिने जास्त लागले.

तात्यांनी हे मला वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. माझं तोट्यातलं तिसरं काम असंच गेलं होतं.

म्हणून वेळापत्रक दराबरोबरच करायचं. आणि काही दिवस कमी करता येत नाहीत, हेही त्यात धरायचं. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी मारायचं, पीपीसीला (राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला) किमान 10, आणि आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात 14 दिवस. बाजारात हल्ली बरीचशी पोती पीपीसीची असतात, तरी गवंडी अजून "सात दिस बास झालं" म्हणतो. स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) किमान 7 दिवस आणि त्यापुढच्याला 14. बीमचे 6 मीटरपर्यंत 14, त्यापुढं 21. हे साध्या सिमेंटचे दिवस झाले, पीपीसीला आणखी थांबा. सेंट्रिंगचं भाडं वाचवायला लवकर टेकू काढणारा ठेकेदार दुसऱ्याच्या घराशी खेळतो. माझ्या मते त्यानं हा धंदा करू नये.

इथं एक सांगायला हवं. वस्तादाचं सगळंच जसंच्या तसं उचलायचं नाही. तात्यांची हयात नदीच्या वाळूत गेली. क्रश सँडचं पाणी किती धरायचं यावर आमचं एकमत होईना. शेवटी मी क्यूब भरून तपासायला दिले. 15 सेंटिमीटरचे ठोकळे, 7 आणि 28 दिवसांनी दाबून बघतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून ही तपासणी करून मिळते. निकाल तात्यांना नेऊन दाखवला. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि पुढच्या त्यांच्या स्लॅबचे क्यूब मलाच भरायला लावले.

सातवी पायरी: पैसा कामाच्या पुढं ठेवा

साधा नियम: घरमालकाचा पैसा कामाच्या एक पाऊल पुढं असावा, तुमचा पैसा त्याच्या घरात अडकू नये. माझे टप्पे असे असतात. करार होताना 10 टक्के, जोत्याच्या आधी 20, स्लॅबच्या आधी 30, वीटकाम-गिलाव्याच्या आधी 20, फरशीच्या आधी 15 आणि किल्ली देताना 5. कर्ज काढून घर बांधणाऱ्याची बँक काम झालेलं बघून हप्ता सोडते, त्यामुळे तिथं टप्पे बँकेच्या हप्त्यांशी जुळवून घ्यावे लागतात आणि मधली फट कोण भरणार हे आधी बोलावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: शेतकऱ्याच्या घराचं वेळापत्रक पिकावर चालतं. वाळवा-पलूसकडे ऊसबिल, तासगावकडे द्राक्ष आणि बेदाणा, हळदवाल्याची हळद बाजारात गेल्यावर. ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्यावेत असा नियम असला तरी ते लांबू शकतात, हे गृहीत धरा. मालकाला सरळ विचारा, "काका, पैसा कधी हातात येतो?" आणि स्लॅब त्या महिन्यात टाका. यात कुणाला अपमान वाटत नाही. उलट आपल्या अडचणी ह्याला कळतात म्हणून माणूस जवळ येतो.

वाढीव काम लिहून घ्या. "जाता जाता एवढा ओटा करून टाका" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ओटा जरूर करा, पण त्याच संध्याकाळी दर आणि माप मोबाईलवर पाठवून मालकाचा होकार घ्या.

आठवी पायरी: माणसं

कारखाने सुरू झाले की गावाकडचे मजूर ऊसतोडीला आणि वाहतुकीला जातात. नेमका तोच आपला बांधकामाचा हंगाम. पाऊस संपलेला असतो, दसरा-दिवाळीला भूमिपूजनं झालेली असतात. म्हणून गणपतीच्या सुमारासच मुकादमाशी बोलून टोळी ठरवा. उचल द्यावी लागते, पण ती एका माणसावर किती यालाही मर्यादा ठेवा आणि वहीत त्याचा अंगठा किंवा सही घ्या.

मजूर टिकवायचे असतील तर शनिवारचा पगार शनिवारीच. बाजाराच्या दिवशी हातात पैसे नसलेला गवंडी सोमवारी दुसऱ्याच्या साईटवर दिसतो.

वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलेला, 18 ते 60 वयाचा कामगार इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करू शकतो. मुलांच्या शिक्षणापासून अपघातापर्यंतच्या मदतीच्या योजना त्यातून मिळतात. 90 दिवसांचं प्रमाणपत्र तुम्ही द्यायचं असतं. काम केलेल्याला ते टाळाटाळ न करता द्या, आणि न केलेल्याला कुणी कितीही गळ घातली तरी देऊ नका. हेल्मेट, मजबूत परांची आणि लिफ्टच्या खड्ड्याला कठडा हा खर्च दरातच धरा.

नववी पायरी: कागद

हे लवकर आटोपतं, पण वेळेत करा. धंद्याचं चालू खातं वेगळं काढा, घरखर्च त्यातून करू नका. उद्यम नोंदणी आधार कार्डावर ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढं गेली की जीएसटी नोंदणी लागते. एखाद्याचं स्वतंत्र घर फक्त मजुरीवर केलं तर त्या मजुरीला जीएसटी माफ आहे, मटेरियलसह केलं तर 18 टक्के. मजुरीवरून मटेरियलवर जाताना हा फरक दरात धरायला विसरलेली माणसं मी पाहिली आहेत. आयकराचं रिटर्न दरवर्षी खऱ्या आकड्यांनी भरा. बँक कर्ज देताना मागच्या वर्षांची रिटर्नं मागते, आणि उत्पन्न कमी दाखवलेल्याला कर्जही कमीच मिळतं. मुद्रा किंवा पीएमईजीपी अशा सरकारी कर्जयोजनांबद्दल बँकेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. मिक्सर किंवा सेंट्रिंगसाठी कर्ज काढायला माझी हरकत नाही. मजुरांचे पगार द्यायला काढू नका.

दहावी पायरी: वाढायचा क्रम

मी असा गेलो आणि हाच क्रम सांगतो. आधी फक्त मजुरीवर चार-पाच घरं. मग स्वतःची सेंट्रिंग, निदान एका स्लॅबपुरती. मग मटेरियलसह एक घर, एकच. ते नफ्यात उतरल्यावर दुसरी साईट.

दुसरी साईट कधी घ्यायची याला तात्यांची कसोटी होती: "तीन दिस गावाला जा, फोन बंद ठिव. आल्यावर काम थांबलेलं नसलं, तर घे." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी विटा संपून काम थांबलं होतं. मग सुपरवायझरला मालाची मागणी दोन दिवस आधी वहीत लिहायची सवय लावली आणि सहा महिन्यांनी पुन्हा गेलो. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असतात, त्यामुळे जूनच्या आधी विटा भरून ठेवायच्या हेही त्यानं तेव्हाच शिकून घेतलं.

फ्लॅट बांधून विकणं हा वेगळा धंदा आहे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि त्यावर 8 पेक्षा जास्त सदनिका असल्या की महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी आली. ठेकेदारीत पाय स्थिर झाल्याशिवाय तिकडं बघू नका.

सरकारी काम मात्र जरूर बघा. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेत ठेकेदार म्हणून नोंदणी होते. पदवी किंवा डिप्लोमा असलेल्यांसाठी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून वेगळी सोय आहे, तिचा फायदा घ्या. मोठ्या निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर येतात आणि भरायला डिजिटल सही लागते. दर सरकारी दरसूचीवरून काढलेले असतात. पहिली निविदा भरण्याआधी माझ्या त्या निवृत्त उपअभियंता गुरूंनी मला अंदाजपत्रकातली प्रत्येक बाब वाचायला लावली, "ने-आण धरून की सोडून" इथपर्यंत. काम मिळवण्यासाठी दर फार खाली नेऊ नका. ठरलेल्या मर्यादेपेक्षा खाली गेलात तर जादा सुरक्षा ठेव भरावी लागते आणि तेवढा पैसा अडकतो. मोजमाप पुस्तिकेत माप चढल्याशिवाय बिल निघत नाही. म्हणून झाकलं जाणारं काम, म्हणजे पाया, भराव, सळई, झाकायच्या आधी मोजून घ्या आणि तारखेसह फोटो काढा. बिलाला महिने लागू शकतात. तेवढे दिवस मजुरांचे पगार भागतील इतकी शिल्लक खात्यात नसेल, तर त्या वर्षी निविदा भरू नका.

आणि काम संपल्यावर सुरक्षा ठेव लगेच परत मिळत नाही, दोषदायित्व कालावधी, म्हणजे निघालेले दोष आपणच दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्यावर मिळते. ती मागायला अर्ज आपणच करावा लागतो. माझी एक ठेव दोन वर्षं तशीच पडून राहिली, कारण मी तारीख विसरलो होतो. आता प्रत्येक ठेवीची रक्कम आणि परत मागायची तारीख मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहितो.